मुलांना लहान गाव कसे द्यावे: लष्करमधल्या सुटीसाठी काही सूचना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या आणि आता पुणे, मुंबई किंवा बंगळूरला स्थायिक झालेल्या अनेक आईवडिलांकडून मी एकच इच्छा ऐकत आले आहे: आपल्याला जे बालपण मिळाले, त्याची थोडी तरी चव मुलांना मिळावी. त्यासाठी ते सुटीत मुलांना घेऊन येतात, चार दिवसांसाठी गाडी ठरवतात, किल्ला, जयविलास महाल आणि तानसेनाची समाधी दाखवतात आणि परत जातात. मुलांचे शहर पाहून होते, पण त्यांच्या हाती त्या बालपणातले काही लागत नाही. माझ्या नातवाच्या बाबतीत पहिल्या वर्षी मीही हेच केले होते. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. तो घरी पोहोचल्यावर मी फोनवर त्याला काय काय आठवते असे विचारले, तेव्हा त्याने गाडीत लागलेली दोन गाणी सांगितली आणि तो गप्प झाला. ती गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. पुढच्या चार सुट्यांत मी पद्धत बदलत गेले, आणि त्यातून जे खरोखर उपयोगी पडले ते येथे लिहीत आहे.

ग्वाल्हेर आज दहा लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे, त्यामुळे त्याला लहान गाव म्हटलेले काहींना पटणार नाही. परंतु मुलाच्या दृष्टीने गावाचा आकार लोकसंख्येवर ठरत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला जेवढा परिसर पायी पालथा घालता येतो, आणि ज्यात वाटेवर कोणीतरी त्याला थांबवून ‘कोणाकडचा रे तू?’ असे विचारते, तेवढे त्याचे गाव. लष्करच्या जुन्या वस्तीत हे अजून शक्य आहे. तेथे मुलाला एकट्याने जाता येते, आणि एकटे गेले तरी ते परके राहत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे लहान गावातल्या वाढण्याचे सगळे सुख या दोन गोष्टींत आहे. म्हणून सुटी आखताना काय दाखवायचे याची यादी बाजूला ठेवावी आणि मुलावर कोणती कामे सोपवायची याची यादी करावी.

किती दिवस, कोठे आणि केव्हा

मुक्काम किमान दहा दिवसांचा असावा. पहिले तीन दिवस मूल बुजलेले असते, चौथ्या-पाचव्या दिवशी ते दारापर्यंत स्वतःहून जाते आणि आठव्या दिवसापासून त्याला हाक मारून घरात बोलवावे लागते. चार दिवसांत परतीचे तिकीट असेल तर हे बदल होण्यापूर्वीच आपण त्याला उचलून नेतो.

उतरायचे ते नांदत्या घरात. वडिलोपार्जित वाडा विकला गेला असेल, वाटण्यांत गेला असेल, तर काका, मावशी, आईची जुनी मैत्रीण, कोणाकडेही चालेल. पण घरात रोज चूल पेटत असली पाहिजे. मुलाला सोपवायची बहुतेक कामे स्वयंपाकघरातून निघतात. दही संपले, कोथिंबीर हवी आहे, इस्त्रीचे कपडे आणायचे आहेत, शेजारच्या काकूंना वाटीभर शिरा द्यायचा आहे, अशी निमित्ते हॉटेलात कधीच निर्माण होत नाहीत.

ऋतूंमध्ये हिवाळा सर्वांत चांगला. नाताळच्या सुटीत आल्यास गजकाचे, म्हणजे तिळाच्या खुसखुशीत मिठाईचे, दिवस मिळतात आणि महाराज माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला मेळाही भरलेला असतो, जेथे ताटाएवढा पापड दोन्ही हातांनी धरून खाणे हे प्रत्येक मुलाचे हक्काचे काम आहे. मे महिन्यात यावे लागले तर घाबरून जाऊ नये, मात्र दिवसाची विभागणी वेगळी करावी लागते. पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी लू, म्हणजे भाजून काढणारा उष्ण वारा, वाहते, म्हणून बाहेरची सगळी कामे पहाटे साडेपाच ते साडेआठ या वेळात उरकावीत, निघण्यापूर्वी मुलाला कैरीचे पन्हे द्यावे, आणि दुपार दारे-खिडक्या लावून घरातच काढावी.

येताना शक्य तो आगगाडीने यावे. पुण्याहून झेलम एक्सप्रेस आणि मुंबईहून पंजाब मेल ग्वाल्हेरवरून जातात. झाशी मागे पडली की मुलाला खिडकीशी बसवावे, कारण त्यानंतर दतियाचा राजवाडा आणि सोनागिरच्या टेकडीवरची पांढरी जैन मंदिरे गाडीतूनच दिसतात. लष्करच्या मुलांना घर जवळ आल्याचे नेहमी सोनागिरनेच सांगितले आहे, आणि तुमच्या मुलालाही ते सोनागिरनेच सांगू द्यावे.

पहिली फेरी: नावे वाचत चालणे

पहिल्या संध्याकाळी मुलाला घरातल्या सर्वांत वयस्क, पण चालू शकणाऱ्या माणसाबरोबर पायी बाहेर पाठवावे. ही फेरी अर्ध्या तासाची असली तरी पुरे. तिचा हेतू असा की वाटेवरच्या प्रत्येक ओळखीच्या माणसाने मुलाला एकदा त्या वयस्क माणसाबरोबर पाहावे. किराणावाला, शिंपी, देवळाबाहेरची हारवाली, सायकल दुरुस्त करणारा, यांच्याजवळ क्षणभर थांबून ‘हा माझ्या मुलीचा मुलगा’ एवढेच म्हणावे. पुढचे दहा दिवस मूल कोठेही गेले तरी त्याच्यावर नजर ठेवणारी ही माणसे असतात, आणि ती नेमणूक या एका वाक्याने होते.

याच फेरीत रस्त्यांची नावे मोठ्याने वाचायला लावावीत. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैन सोडून किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या तळाचे म्हणजे लष्कराचे पुढे शहर झाले, आणि फौजेबरोबर आलेल्या सरदारांची, कारकुनांची, पुरोहितांची घरे जेथे पडली तेथे त्यांची नावे चिकटली. निंबाळकर की गोठ, पाटणकर बाजार, फालका बाजार, शितोळे साहब का बाडा. ‘गोठ’ म्हणजे सरदाराच्या पथकाची राहुटी, हे मुलाला सांगितले की ती गल्ली एकदम घोड्यांनी भरून जाते. दाना ओली हे नाव वाचताना त्यातली मराठी ‘ओळ’ त्याला स्वतःला ऐकू येते का, ते पाहावे. माझ्या नातवाने महाराज बाड्यावर आल्यावर आपणहून विचारले, “आजी, हा वाडाच ना?” व चा ब होऊन बसलेला तो शब्द त्याने स्वतः सोडवला होता, आणि त्या दिवसापासून तो चौक त्याच्या मालकीचा झाला.

घरी आल्यावर एका मोठ्या कागदावर मुलाला नकाशा काढू द्यावा. तो चुकीचा असला तरी दुरुस्त करू नये. ज्या रस्त्यावर ते स्वतः चालले तेवढाच काढायचा, असा नियम असावा. रोज रात्री नकाशा थोडा वाढतो, आणि चुकलेली वळणे दुसऱ्या दिवशी पायांनीच सुधारली जातात.

कामे सोपवणे

ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि बहुतेक पालक येथेच कच खातात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिले काम घरापासून दिसणाऱ्या दुकानातले असावे, दुसरे एका वळणापलीकडचे आणि तिसरे दोन वळणांपलीकडचे. महाराज बाड्यावरची किंवा सराफ्यातली वाहतूक आता फार वाढली आहे. मोठा रस्ता ओलांडावा लागेल असे काम बारा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने देऊ नये. गल्लीतल्या गल्लीत मात्र मोकळीक द्यावी. शक्य असल्यास शेजारचे एखादे स्थानिक मूल जोडीला द्यावे. खिशात घराचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. किती वेळात परत यायचे ते ठरवून द्यावे, आणि तेवढ्या वेळात गच्चीतून डोकावायचे नाही, हा नियम मोठ्यांनी स्वतःला लावून घ्यावा. मुलाला तुमची नजर पाठीवर जाणवली तर ते काम त्याचे राहत नाही.

पैसे मोजून द्यावेत आणि हिशेब परत घ्यावा. हिशेब घेण्यात अविश्वास नसतो. कामाला काम म्हणून मान देण्याची ती रीत आहे. वस्तू आणायला शक्य तेथे घरचे भांडे द्यावे. आमच्याकडे दह्यासाठी एक पितळी कडीचा डबा आहे. माझ्या सासूबाईंनी तो घेतला तेव्हाच्या रीतीप्रमाणे झाकणावर त्यांचे नाव आणि १९६१ हे साल ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेतले आहे. अक्षरे झिजली आहेत, पण बोटाने चाचपली तर लागतात. दुसऱ्या वर्षी मी नातवाला तो डबा देऊन दह्याला पाठवले. दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डबा घेतला, झाकण उजेडाकडे तिरपे धरले, नाव वाचले आणि विचारले, “अच्छा, तो तुम बाई साहब के यहाँ के हो, लल्ला?” सासूबाईंना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. नातू घरी आला तो दह्याबद्दल काहीच न बोलता म्हणाला, “आजी, त्यांना माझी पणजी माहीत आहे.” डबा ओट्यावर ठेवताना त्याने झाकणावरच्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवले. इतकी वर्षे मी तो डबा घासत होते, पण ती अक्षरे त्या दिवशी मला नव्याने दिसली.

तुमच्याकडे नाव कोरलेले भांडे असेल तर तेच वापरावे. माळ्यावर बहुतेक मराठी घरांत एखादे तरी सापडते.

हिवाळ्यात एक काम मुद्दाम राखून ठेवावे: पाव किलो गजक आणणे, आणि तेही जेथे गजक कुटतात त्या ठिकाणाहून. गुळाचा किंवा साखरेचा पाक खुंटीला अडकवून ओढतात, पुन्हा दुमडून ओढतात, आणि प्रत्येक ओढीबरोबर त्याचा रंग उजळत जातो. मग त्यात भाजलेले तीळ घालून दोन-तीन माणसे लाकडी मोगऱ्यांनी आळीपाळीने कुटतात. ठोक्यांचा ताल एकदाही चुकत नाही. मुलाला येथे पंधरा मिनिटे उभे राहू द्यावे. घाई करू नये आणि समजावूनही सांगू नये. गरम गजकाचा तुकडा बहुधा न मागता त्याच्या हातावर ठेवला जातो.

मूल एखाद्या वेळी वाट चुकेल. आमचा नातू तिसऱ्या वर्षी चुकला होता. वीस मिनिटे उलटून गेली तेव्हा माझा जीव खालीवर झाला, पण ठरवल्याप्रमाणे मी दारातच थांबले. शेवटी एका शिंप्याच्या दुकानातला मुलगा त्याला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन आला. पहिल्या दिवशीच्या फेरीत त्या शिंप्याने नातवाला माझ्या दिरांबरोबर पाहिले होते, आणि घर कोणते हे त्याला विचारावेही लागले नव्हते. अशा वेळी मुलाला रागावू नये. त्या संध्याकाळी त्याने नकाशात शिंप्याचे दुकान सर्वांत मोठे काढले.

रिकामी दुपार

दुपारी काहीही आखू नये. फोन मोठ्यांकडे राहू द्यावा, आणि तो नियम मोठ्यांनीही पाळावा. कंटाळा आला अशी तक्रार पहिले दोन दिवस येते. तिच्यावर उपाय शोधू नये. तिसऱ्या दिवशी मूल माळ्यावरची ट्रंक उघडते, जुन्या पत्रांवरची तिकिटे सोलू पाहते, आजोबांच्या अडकित्त्याने सुपारी कातरते किंवा पत्त्यांचा डाव मांडते. घरातल्या वयस्कांनी याच वेळी आपल्या लहानपणाच्या गोष्टी सांगाव्यात, विशेषतः ज्या आता दाखवता येत नाहीत त्या. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी २०२० साली बंद झाली. ती इतकी सावकाश चालायची की वाटेत उतरून पुन्हा चढल्याच्या कथा प्रत्येक घरात आहेत. त्या आता ऐकूनच कळणार.

किल्ला एकदाच, आणि पायी

किल्ला जरूर दाखवावा, पण मुक्कामाच्या सातव्या-आठव्या दिवशी. तोपर्यंत मुलाने तो रोज गच्चीवरून पाहिलेला असतो आणि त्याला त्याची ओढ लागलेली असते. उरवाई दरवाजाने वाहन वर जाते. ती वाट घेऊ नये. पहाटे गुजरी महालाच्या बाजूने पूर्वेकडचा चढ पायी चढावा. अर्धा-पाऊण तास लागतो. चढावर खडकात कोरलेले एक लहानसे चतुर्भुज मंदिर आहे, जे गाडीने जाणाऱ्यांच्या वाटेत येतच नाही. त्यातल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ मध्ये, देवाला दिलेल्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० अशी नोंद आहे. या २७० आणि ५० मधली शून्ये आजच्यासारखीच वाटोळी आहेत, फक्त शेजारच्या आकड्यांपेक्षा लहान. गणिताच्या पुस्तकात भारताने शून्य दिले हे वाक्य मुलाने वाचलेले असते. येथे ते शून्य एका बागेच्या मोजमापात बसलेले त्याला दिसते. ते मुलानेच शोधावे, आपण बोट दाखवू नये.

वर राजा मानसिंह तोमरांच्या मानमंदिर या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे. ती मोजायला सांगावी. तेलीचे मंदिर आणि सासबहूचे मंदिर मुलाचे पाय दुखत नसतील तरच करावे. जयविलास महाल पावसाळी किंवा फार उन्हाच्या दिवसासाठी राखून ठेवावा. जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी मुलांना आवडते, पण त्यापलीकडे तेथे त्यांनी करण्यासारखे काही नाही.

गाणे

मूल पुण्या-मुंबईत गाणे शिकत असेल तर त्याला हे अवश्य सांगावे की बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, आणि त्यांनी महाराष्ट्रात नेलेली गायकी पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांमार्फत सगळीकडे पसरली. म्हणजे जे ते शिकते आहे ते येथूनच तेथे गेलेले आहे. लष्करात १९१८ साली संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालय आहे, आणि गल्ल्यांमधून घरगुती शिकवण्याही चालतात. संध्याकाळी एखाद्या घरातून तंबोरा ऐकू आला तर परवानगी घेऊन मुलाला अर्धा तास कोपऱ्यात बसवावे. डिसेंबरात आलात तर तानसेन समारोह मिळू शकतो. १९२४ च्या सुमारास सुरू झालेल्या या समारोहाची शंभरावी आवृत्ती २०२४ साली झाली. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो असे आम्ही लहानपणी ऐकले होते आणि तोंड आंबट करून घेत घरी येत होतो. ही समजूत मुलाच्याही कानावर घालावी, आणि पुढचे त्याच्यावर सोडावे.

शेवटचे दोन दिवस

उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडण्याचे काम मुलाला द्यावे. तापलेल्या फरशीवर पहिल्या बादलीबरोबर वाफ आणि मातीचा वास उठतो, दुसऱ्या बादलीनंतर अनवाणी उभे राहता येते, तिसरीनंतर गाद्या टाकता येतात. रात्री शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी उद्याचा बेत विचारते आणि तुमचे मूल तुमच्याऐवजी उत्तर देते, तेव्हा सुटी जमली असे समजायला हरकत नाही.

निघण्यापूर्वीच्या दिवशी मुलाने एकट्याने पहिल्या दिवशीची फेरी पुन्हा करावी आणि ज्यांना ज्यांना भेटले त्या प्रत्येकाला आपण जात असल्याचे सांगावे. कोणाचे दोन-चार रुपये राहिले असतील तर ते त्याच्याच हाताने द्यावेत. बाड्यावरच्या टपाल कचेरीतून त्याला स्वतःच्या घरच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकू द्यावे. ते त्याच्यामागून काही दिवसांनी पोहोचते, आणि त्यावर लष्करचा शिक्का असतो. नकाशा मात्र त्याने बरोबर न्यावा, आणि पुढच्या वेळी येताना परत आणावा. आमच्याकडच्या नकाशाला आता चार कागद जोडलेले आहेत. गेल्या खेपेला नातवाने त्यात एक रस्ता तुटक रेषेने काढून ठेवला, आणि डबा घासून जागेवर ठेवताना मला बजावले की ती रेषा तो आल्याशिवाय कोणी पुरी करायची नाही.